बादशहा मास्तर बागेत वाजवतात

मलकापूरच्या बादशहा मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली की अख्खी गल्ली नाचायला लागते. पण ऐकतं कोण हो? वरातीत मास्तरांच्या वाट्याला एकच फर्माईश, "मास्तर, जरा जोरात!" बायको फरीदा तर या सगळ्याला कायमची मुकलेली. परक्या लग्नात बँडवाल्याची बायको कशाला जाईल? आणि घरात वाजवावं, तर शेजारीण भिंतीवर लाटणं आपटते.

यंदा उन्हाळ्यात नगरपालिकेनं बागेत रविवारी संध्याकाळी बँड ठेवला आणि पहिला मान मास्तरांना दिला. मास्तरांना आनंद झाला, पण धास्तीही वाटली. कारण फरीदा ऐकायला येणार होती, तीही अगदी पुढच्या खुर्चीत.

"आज फजिती झाली तर हिला तोंड कसं दावू रं?" असं त्यांनी ढोलवाल्या केरबाला इतक्यांदा विचारलं की केरबा वैतागला.

बँड सुरू झाला आणि झाली की पंचाईत! जन्मभर चालत वाजवलेली माणसं ही. पाऊल पडलं की ठोका पडायचा. इथं सगळ्यांना स्टेजवर खुर्च्या दिलेल्या. केरबाचा ढोल पुढं पळाला, ट्रम्पेट मागं राहिलं, मास्तरांचा दम मधेच तुटला. कुणीतरी फिसकन हसलं. फरीदानं मान खाली घातली.

मास्तर ताडकन उठले. "ऊठ गड्या! आपल्याला बसून जमायचं न्हाई."

"मग जायाचं कुठं?" केरबानं विचारलं.

"कुठं बी. तू चाल!"

सगळा बँड स्टेजवरून उतरला, कारंज्याकडं वळला आणि दहा पावलांत ताल असा जुळला म्हणता! भेळ खाणाऱ्या बाया उठल्या, पोरं पुढं उलटी चालत नाचू लागली. एक आजोबा तर सवयीनं विचारते झाले, "नवरदेव कुठाय?" लय मजा आली. वळसा घालून सगळी मंडळी पुन्हा खुर्च्यांपाशी आली, तेव्हा फरीदा उठून उभी होती. तिचे डोळे भरलेले, आणि तरी ती हसत होती. ती मास्तरांच्या बरोबरीनं चालायला लागली.

"आवं, आपल्या लग्नात तुमी घोड्यावर बसला हुता," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "मग क्लॅरिनेट वाजवायची कुणी? नुसता ढोल बडवत वरात आली. माझी खरी वरात ही आज निघालीया. हितंच काय फिरताय? गावातनं न्या मला!"

मास्तरांनी क्लॅरिनेट आणखी जोरात फुंकली. त्यांनी बागेच्या फाटकाची वाट धरली.