अक्कासाठी केलेला नियम

माझ्या पोटात काही टिकत नाही, हे आमच्या कॉलनीत कुणालाही विचारा. लग्नात, निरोप समारंभात, अगदी दहाव्याला गोदाकाठी कावळा शिवायची वाट बघत बसलेलो असतानासुद्धा लोक माझ्याकडे बघतात — सांगा काहीतरी. आणि मी सांगतो. आवाज काढून, हातवारे करून. पण एक गोष्ट तीन वर्षं पोटात आहे. बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो. सुरुवातीला गंमत वाटेल — वाटू द्या.

आमची पहिली क्रूझ. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या कंपूतली पाच जोडपी आणि माझी थोरली बहीण, अक्का — असे अकरा जण. मुंबईहून निघायचं, एक दिवस गोवा, एक दिवस लक्षद्वीपचं बेट, की परत. असलं जहाज आमच्यापैकी कुणी आतून पाहिलेलं नव्हतं. कुठे उतरायचं, काय बघायचं, किती वाजता जहाजावर परतायचं, हे ठरवायचं काम मी अर्थातच ओढून घेतलं. दोन महिने नुसता उत्सव! ग्रुपवर रोज नवा तक्ता टाकायचो. उशीर झाला तर जहाज कुणासाठी थांबत नाही, हे मी इतकं रंगवून सांगितलं की जाधवांनी त्यासाठी नवं घड्याळ घेतलं.

अक्काची मागणी एकच होती. तिला समुद्रात पाय बुडवायचे होते.

सहासष्ट वर्षांची बाई. सगळा जन्म मखमलाबादच्या मळ्यात झेंडू आणि शेवंती तोडण्यात गेला. नवरा गेल्यावरही मळा सोडला नाही. मुंबईला दोनदाच गेलेली, दोन्ही वेळा इस्पितळात कुणाला तरी भेटायला. मी तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आई फुलं तोडायला जायची, मी अक्काच्या कडेवर. माझी पहिली श्रोती तीच — मी सांगेन त्यावर डोळे मोठे करायची.

गोव्याच्या दिवसात मी देवळं आणि जेवण बसवलं. तक्ता वाचून दाखवला तर म्हणाली, "तिथं पण समुद्र हाय ना रं?" मी म्हटलं, "अक्का, गोव्याला नुसती गर्दी. बेटावरचं पाणी बघ तू — तळ दिसतो तळ!" ती थांबायला तयार झाली. तिला थांबायची सवयच होती.

आता गोवा. इथे माझी जीभ जरा अडखळते.

अक्काचे गुडघे गेलेले. देवळाच्या पायऱ्या चढताना तिचा हात धरून मी मागे, बाकी सगळे पुढे. आणि त्यांच्यात सुधाकर. सातपूरला त्याचं वर्कशॉप आहे. आयुष्यभर लेथच्या आवाजात राहिलेला, तीन शब्दांत बोलणं संपवणारा माणूस. त्या दिवशी तो काहीतरी सांगत होता आणि सगळे हसत होते. माझी बायको नंदासुद्धा — डोळ्यांना पदर लावून! शब्द ऐकू येत नव्हते, फक्त हशा यायचा. दर दहा पावलांवर एक. तुम्हाला क्षुल्लक वाटतं ना? आहेच. माझा हशा दुसराच कुणी नेत होता आणि मी बहिणीच्या गुडघ्यांपायी मागे अडकलो होतो. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितोय. ते सौम्य करता येतं का पाहिलं — नाही येत.

त्याच संध्याकाळी जहाजावर सहलींच्या टेबलापाशी गेलो. बेटापर्यंत मोठं जहाज जात नाही. लहान होडीत उतरून जावं लागतं. टेबलावर रत्नागिरीची एक मुलगी होती. तिने विचारलं, चालायला त्रास असलेलं कुणी आहे का? मी म्हटलं, बहीण आहे.

"आणा की काका त्यांना. आमची दोन माणसं धरून उतरवतात, धरून चढवतात."

मी म्हणालो, "नको, तिला पाण्याची भीती वाटते."

आणि केबिनमध्ये येऊन — काय अभिनय केला! कपाळाला हात, मोठा सुस्कारा. "अक्का, घोटाळा झाला बघ. साठीपुढच्यांना लहान होडीत घेतच नाहीत. नियम आहे." नंदा म्हणाली, मी थांबते ताईंजवळ. अक्काने थांबू दिलं नाही. "नेम हाय तर हाय. तुमी जावा. आलास की मला सगळं सांग."

बेटावर मी पुढे होतो. नारळाखाली उभा राहून जे काही रंगवलं! सुधाकर परत तीन शब्दांवर आला. जहाज लांब उभं होतं. कठड्याशी माणसं तिळाएवढी. मी तिकडे फारसं बघितलं नाही.

रात्री जेवताना अक्काने सहज विचारलं, "एक पांढऱ्या केसांची बाई गेली की रं होडीत. दोघांनी धरून नेली. माझ्याहून थोरली दिसत व्हती."

सगळं टेबल माझ्याकडे बघायला लागलं. श्रोते! मी एक घास सावकाश गिळला आणि म्हणालो, "अक्का, तिनं वय चोरलं."

काय हसले सगळे. अक्काही हसली. हसण्याआधी ती क्षणभर माझ्याकडे नुसती बघत राहिली — राहिली होती का? की तो क्षण मी नंतर भरलाय? गोष्टी सांगून सांगून माझा माझ्याच आठवणीवर भरवसा उरलेला नाही.

पुढे तर या गोष्टीचा प्रयोगच झाला. बारशात, हळदीत लोक म्हणायचे, ती वय चोरणाऱ्या बाईची सांगा. अक्का शेजारी बसलेली असायची. शेवटचं वाक्य तीच घ्यायची — "आपण बाई खरं वय सांगितलं!" — आणि टाळ्या तिला मिळायच्या. तिला कळलं होतं का? एवढं मी कधी विचारलं नाही. विचारायला जागा होती, वेळ होता, दोन वर्षं होती.

मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं. पाय येणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. भाचा तिला उचलून खुर्चीत बसवतो, खुर्चीतून पलंगावर. दर रविवारी मी जातो. बेटाचं सांग म्हणते. मी सांगतो — पाणी कसं हिरवं, वाळू कशी पिठासारखी, मासे कसे पायाभोवती जमले.

गेल्या रविवारी तिने नवीनच विचारलं. "पाणी गार व्हतं का रं, का कोमट?"

"कोमट," मी म्हणालो. "थंडीत पहाटे आपल्या विहिरीचं असतं ना, तसं."

तिने डोळे मिटले. पांघरुणाखाली तिचे पाय होते तिथेच होते.

पाणी कसं होतं, मला माहीत नाही. बेटावर चार तास मी समुद्राकडे पाठ करून बोलत उभा होतो. बूटही काढले नव्हते.