शिंकांवरची नवी गोळी

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतातच होतं. नवरा वारल्यावर मी शिकून मास्तरीण झाले आणि माझी नेमणूक अकोल्याच्या मुलींच्या शाळेत झाली. माहेर चांदूर रेल्वेला, सासरशी संबंध उरला नव्हता. जठारपेठेत एक खोली घेऊन मी एकटीच राहायची.

दिवाळी झाली की गावात कापसाच्या गाड्या येत, सरकी काढायचं जिनिंग सुरू होई आणि हवेत कापसाचं तूस उडू लागे. त्या वर्षी मला त्याचा फार त्रास झाला. शिंका सुरू झाल्या की थांबत नसत, डोळे सुजत, अंगावर गांधी उठत. वर्गात मुली तोंडावर पदर धरून हसायच्या. घरी आल्यावर मात्र शिंकलेलं ऐकायलाही कोणी नसे.

डॉक्टरांनी तपासलं आणि एक नवीनच निघालेली गोळी लिहून दिली.

"हिच्यानं झोप येते," ते म्हणाले. "गोळी घेतल्यावर चुलीजवळ बसू नका, विहिरीवर जाऊ नका. एखादी विसरलात तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. खोकल्याचं किंवा झोपेचं दुसरं औषध मला विचारल्याशिवाय नको. आणि पहिली गोळी घरात कोणी असेल तेव्हाच घ्या. घरी कोण असतं?"

"कोणी नाही."

ते लिहायचे थांबले. "मग शेजारी कोणाला तरी बसवून घ्या. कोणाला कशी मानवेल, सांगता येत नाही."

पुडी फडताळात तशीच पडून राहिली. कोणाला म्हणायचं, माझ्याजवळ बस म्हणून? मी शिंकत राहिले.

शेजारी एक माळीण राहायची. मळ्यात शेवंती आणि वांगी लावायची, सकाळी बाजारात विकायची. एका रविवारी तीच दारात आली.

"कावून वं बाई, सकायपासून शिंकूनच राहिल्या? औषध नाई आणलं का?"

मी सगळं सांगितलं. ती उंबऱ्यातून आत आली, टोपली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. "घ्या गोयी. मी हाओ इथं. मले काय, हार इथंबी गुंफता येतात."

मी गोळी घेतली. थोड्या वेळानं तोंड कोरडं पडलं, डोळे जड झाले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. नाक मोकळं होतं. तिनं तुसासाठी खिडकी लावून घेतली होती आणि ती अजून तिथेच बसून हार गुंफत होती. मला रडू आलं. औषधानं डोळे झोंबतात, असं मी म्हणाले.

मग रविवारी दुपारी ती येऊ लागली. एकदा म्हणाली, "मलेबी द्या ना एक गोयी. मायंबी नाक वायते."

माझ्या नावचं औषध तिला द्यायला माझं मन होईना. "आधी डॉक्टरांना दाखवू," मी म्हटलं. ती जरा रागावली, पण आली. डॉक्टरांनी नाकाआधी डोळ्यांचंच विचारलं. ती सहज बोलून गेली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, एक डोळा दुखतो.

डॉक्टर गंभीर झाले. "काचबिंदू असावा. ही गोळी हिला मुळीच नको, डोळा आणखी बिघडेल. अमरावतीला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, वेळ लावू नका."

मीच तिला आगगाडीनं अमरावतीला नेलं. वाटेत तिनं माझा हात सोडला नाही. ऑपरेशन झालं. दुखऱ्या डोळ्याची नजर गेली होती, ती परत आली नाही, दुसरा वाचला.

तेल्हाऱ्याहून तिची लेक आली. "मायले आता एकटी नाई ठेवत," ती म्हणाली. बरोबरच होतं. निघताना माळीण म्हणाली, "तुमच्याजवय कोन बसन वं आता?" मी हसून म्हटलं, "बघते कोणीतरी."

मळा दुसऱ्यानं कसायला घेतला. नव्या शेजाऱ्यांना आपल्या व्यापातून वेळ नव्हता, आणि आपणहून त्यांच्या दारी जायचा मला धीर झाला नाही. त्या हिवाळ्यात शाळेतून आले की चूल आटोपून, दार लावून मी गोळी घेई आणि गल्लीत पोरांचा खेळ चालू असतानाच झोपून जाई.