एकशे तीनचे शंभर

चूक तात्यांची. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कोणी सरकारला शिव्या द्यायला नको. तात्या माझे सख्खे चुलते. काष्टी रोडला त्यांचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना. तिथं राबलेले आम्ही तिघं-चौघं चहाला भेटलो की एका किश्शातून दुसरा निघतो. सगळ्यांत तात्या आहेतच!

डिप्लोमाची दोन वर्षं करून मी कॉलेज सोडलं होतं. तिसऱ्या वर्षाची फी जमवायला मशीनवर उभा राहिलो. एवढंच ठरवलेलं.

*

आमच्याकडं शेती करणाऱ्या पोराला कोणी मुलगी देत नाही. मुलीचा बाप आधी विचारतो, "पीएफ कापत्यात का?" तात्यांनी तोडगा काढला. भावकीतल्या, पाहुण्यांतल्या पोरांची नावं थेट कामगारांच्या यादीत! पीएफचे पैसे पोराचा बाप गुपचूप आणून द्यायचा आणि बायोडेटात 'परमनंट' लिहायचा. असे अकरा नवरदेव झाले. खरे राबणारे आम्ही ब्याण्णव.

तात्यांना ही समाजसेवा वाटायची.

*

कर्जतचा बंटी त्यातलाच. मुलीकडचे कारखाना बघायला आले. तात्यांनी माझा युनिफॉर्म उतरवून बंटीला घातला आणि त्याला मशीनजवळ उभा केला. मी बनियनवर गोदामात.

"काय काम असतं तुमचं?" मुलीच्या बापानं विचारलं.

बंटी घाबरला आणि खरं बोलून गेला. "महिन्यातून एकदा सही करतो."

बाप खूश होऊन तात्यांकडं वळला. "मंजे सायबच हायेत की!"

सुपारी तिथंच फुटली.

*

मग लॉकडाऊन. माल उठेना. तेवढ्यात बातमी आली, शंभरपर्यंत कामगार असतील तर मालकाचा आणि कामगाराचा, दोघांचाही पीएफ काही महिने सरकार भरणार. हेतू हा की कोणाला घरी बसवू नये. तात्यांनी ती मोठ्यानं वाचून दाखवली. मास्क खाली ओढून, सगळ्यांच्या तोंडावर!

अकाउंट बघणाऱ्या ढवळे मॅडम म्हणाल्या, "तात्या, आपण एकशे तीन आहोत."

"मग तीन नवरदेव काढा!" मी म्हणालो.

"गप ए! त्यांची लग्नं आधीच लांबल्यात. मोडली तर पोरींच्या बापांना तू तोंड देनार हायस का?" तात्या मॅडमकडं वळले. "खरे तिघं काढा."

पहिलं नाव माझं. "तू काय, घरचाच हायस."

*

दुसरं नाव पाथर्डीच्या किसनमामांचं. ऊसतोडीचा कोयता टाकून ते आमच्याकडं आले होते. सहा वर्षांत एक खाडा नाही.

"मामा, थोड्या दिवसांचा प्रश्न हाय," तात्या म्हणाले.

मामांनी टोपी नीट केली. "तात्या, मी बी दुसरं लगीन ठरवू का? मंग ऱ्हाईल नोकरी."

हसलो फक्त मी. दिवाळीनंतर मामा पुन्हा कोयत्यावर गेले. तिसरा नवाच होता, त्याचं नावही आता कोणाला आठवत नाही.

*

अर्ज मंजूर झाला. शंभर जणांचा पीएफ सरकारनं भरला, बंटीचासुद्धा.

पुढं लॉकडाऊन उठल्यावर बंटीचं लग्न झालं. मी पंगतीत वाढत होतो. बंटीच्या सासऱ्यांनी माझ्याकडं बघून तात्यांना विचारलं, "ह्यो कोन?"

"पुतन्या."

"काय करतो?"

"हा व्हय? घरीच असतो."

सासऱ्यांना खरंच वाईट वाटलं. तात्यांच्या कानाशी वाकले, पण आवाज काही कमी झाला नाही. "मंग घ्या की कंपनीत. जावईबापूंना सांगू का शब्द टाकायला?"

तात्या जिलेबीकडं बघत म्हणाले, "बघू."

डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाची फी मी भरली नाही.