वाचून दाखविल्याशिवाय बोट नाही

नगरला कचेरीसमोर आम्हा तीन अर्जनवीसांची एक सामायिक खोली आहे. टेबले तीन, पंखा एक, आणि कोपऱ्यात स्टुलावर ठेवलेला सर्व्हर. सदर सर्व्हर घेण्याचा आग्रह माझा होता. माझे शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी कागदाची व्यवस्था मला वकिलांपेक्षा अधिक कळते, हे वकीलही खाजगीत मान्य करतात. सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर जे उतरते ते त्याच क्षणी दुसरीवरही उतरते. एक निकामी झाली तरी दुसरी शाबूत राहते. सहकाऱ्यांना मी ते आमच्या धंद्याच्या भाषेत समजावले होते : एक मूळ प्रत, दुसरी स्थळप्रत. दोन्ही डिस्कच्या खणांवर मी स्वहस्ते, सुवाच्य अक्षरात १ आणि २ असे आकडेही चिकटविले होते.

ज्या दिवसाची ही हकीकत आहे त्या दिवशी दुपारी एका बाईची सुनावणी होती. बाई सोनईची. वडिलांची पिठाची गिरणी तीच चालवीत असे. वडिलांनी मृत्युपत्र करून गिरणी आणि तिच्यामागची राहती खोली मुलीच्या नावे केली. मृत्युपत्र मी लिहिले. वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले असल्यामुळे, त्यांनी ते समजून केल्याचे चित्रीकरणही मीच माझ्या मोबाईलवर केले. ते वारल्यानंतर बाईच्या भावाने गिरणी तिच्या नावावर चढविण्याच्या नोंदीस हरकत घेतली. बापाला काही कळत नव्हते, विचारील त्याला नुसते 'व्हय' म्हणत होता, असे त्याचे म्हणणे.

दाखल केलेले चित्रीकरण पाहिले तर तसेच वाटत असे. कचेरीत शोभावे म्हणून मी त्यातील अवांतर बोलणे कापून टाकले होते. प्रश्न माझे, शुद्ध आणि पूर्ण. उत्तरे म्हाताऱ्यांची, 'व्हय', 'व्हय' आणि 'व्हय'. मागील तारखेस सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी बजावले होते, "मूळ, न कापलेलं आणा. नाहीतर आहे त्यावर निर्णय देईन." माझा जुना मोबाईल दरम्यान गेला होता. मूळ चित्रीकरण आता एकट्या सर्व्हरवर होते.

सकाळी खोली उघडली तो सर्व्हर टिटवीसारखा ओरडत होता. बाई दारातच उभी होती.

"ह्ये कशानं वरडतंय वो, दादा?"

पडद्यावर इंग्रजीत लिहिले होते की डिस्क क्रमांक एक नादुरुस्त आहे. मी एमआयडीसीतल्या दुरुस्तीवाल्यास फोन केला. हा गृहस्थ मोठ्या आवाजाचा, माझ्याच वयाचा, आणि मला 'वकीलसाहेब' म्हणणारा. ती चूक मी कधी दुरुस्त केली नाही.

"काय न्हाई, वकीलसाहेब," पिशवीतून नवी डिस्क काढीत तो म्हणाला. "एक नंबर गेलीय. ती काढायची, ही घालायची. दोन नंबरवरनं आपोआप सगळं उतरतं. चहा सांगा."

त्याने १ आकड्याचा खण ओढला. टिटवी गप्प झाली. पडद्यावरच्या आमच्या साऱ्या फायलीही नाहीशा झाल्या.

"झालं का?" बाईने विचारले.

दुरुस्तीवाला स्टुलापाशीच होता. तो वाकून खणांकडे पाहत होता. "हे आकडे कुणी चिकटवले?"

"मी."

"मशीन शून्यापासून मोजतं. शून्य आन् एक. त्याची एक म्हणजे तुमची दोन. मी चालू असलेलीच उपसली की!"

"शून्यापासून कोणी मोजतो काय?"

"मशीन मोजतं."

"मग चूक मशीनची आहे."

"आसंल मशीनची," बाई म्हणाली. "पन सायेब मशीनला तारीख देनार न्हाईत. तुमीच कापलं, आता तुमीच जोडा."

यावर माझ्यापाशी उत्तर होते, परंतु ते देण्याची वेळ नव्हती.

त्याने काढलेली डिस्क परत खणात घातली. सर्व्हर तिला ओळखीना. आताआतापर्यंत जिने चाकरी केली, ती मध्येच उठून गेली म्हणून आता त्याच्या लेखी परकी झाली होती. आणि जी खणात राहिली होती ती आतून कटकट वाजत होती. तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही, असे दुरुस्तीवाला म्हणाला. म्हणजे म्हाताऱ्यांचा आवाज त्या परक्या ठरलेल्या डिस्कवर होता आणि अन्यत्र कोठेही नव्हता.

त्याने सर्व्हर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या पांढऱ्या ओळी उमटल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो त्याने खांदा आणि कान यांत धरला. "हां, निघालोच. हितलं झालंच समजा," असे बोलता बोलता त्याचे बोट बटणाकडे गेले.

मी त्याचे मनगट धरले.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. दस्त लिहून झाला की तो लिहून देणाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा, आणि मगच अंगठा घ्यायचा. समोरचा कितीही घाईत असो, कितीही शिकलेला असो. ही रीत मी आजवर मोडलेली नाही, आणि त्या क्षणी माझ्या हाताला दुसरे काही सुचलेही नाही.

"वाचा," मी म्हणालो.

"काय वाचा?"

"काय लिहिलंय ते. वाचून दाखवा, अर्थ सांगा, मग बोट लावा."

"वकीलसाहेब, हे काय खरेदीखत हाय का?"

"असंच समजा. फोन ठेवा."

त्याने बाईकडे पाहिले. बाईने पडद्याकडे बोट दाखविले. त्याने फोन ठेवला आणि कंटाळलेल्या स्वरात वाचू लागला. "परकी डिस्क सापडली आहे. तिच्यावर आधी जे काही आहे ते..." येथे त्याचा आवाज खाली आला. "...पुसून टाकावे."

मी त्याचे मनगट सोडले.

"आणि दुसरी ओळ?" मी विचारले.

"आहे तसे स्वीकारावे." त्याने कपाळ पुसले. पडद्यावरची उजळ पट्टी पहिल्याच ओळीवर होती. त्याने ती एक घर खाली आणली, आणि आता कोणी न सांगता ती ओळ पुन्हा वाचली.

मी बाईस विचारले, "ऐकलंत?"

"ऐकलं."

"कबूल आहे?"

"आवो दाबा आता!"

त्याने बटण दाबले. बराच वेळ काहीच घडले नाही. चहावर साय धरली. बाई पदराचे टोक बोटाला गुंडाळून सोडीत होती, पुन्हा गुंडाळीत होती. मग खणावरचा दिवा हिरवा झाला आणि एकेक फाईल पडद्यावर परत येऊ लागली.

"बघत बसू नका," दुरुस्तीवाला म्हणाला. "आधी बाहेर उतरवून घ्या." पेनड्राइव्हवर चित्रीकरण उतरत असताना पडद्यावर सरकणारी पट्टी मध्येच थांबली. ती पुन्हा सरकली तेव्हा समोरच्या कचेरीच्या दारातून शिपाई बाईच्या नावाचा पुकारा करीत होता. चालवून पाहण्यास वेळ उरला नाही. त्यात काय आहे हे मला एकट्यालाच ठाऊक होते, आणि ते चारचौघांत ऐकणे मला सुखाचे नव्हते.

साहेबांच्या टेबलापाशी एका बाजूस भाऊ, दुसऱ्या बाजूस बहीण. पडद्यावर उशीला टेकलेले म्हातारे दिसले. माझा आवाज आला : "आपण सदर मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर राहून करीत आहात काय?"

म्हाताऱ्यांची जीभ जड होती, पण शब्द कळत होते. "आरं बाबा, एवडं लांबलचक इचारतोस, मधीच माजा डोळा लागंल. तूच सुद्दीवर हाय का ते बघ आदी."

कारकुनाने मान खाली घातली. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले.

"गिरनी पोरीची," म्हातारे सांगत होते. "पीठ चिमटीत धरून सांगती, जाडं हाय का बारीक. पोरगं वंगाळ न्हाई, पन त्याला गिरनीचा आवाज सोसत न्हाई. ल्हानपनी कानात बोटं घालून पळायचं. आन् त्यो पट्टा घसरतोय, तेवडा बदला म्हनावं. आता व्हय म्हनू का? व्हय."

त्यातला तो शेवटचा शब्द तेवढा मी ठेवला होता.

साहेबांनी भावास विचारले, "हा आवाज तुमच्या वडिलांचा आहे?"

भाऊ फरशीकडे पाहत होता. "व्हय."

"ते शुद्धीवर नव्हते, असं तुमचं म्हणणं अजून आहे?"

त्याने डोळे वर करून पडद्याकडे पाहिले. मग म्हणाला, "आसंच बोलायचे. समद्यांना." हरकतीबाबत आणखी काही सांगायचे आहे काय, यावर त्याने नकारार्थी मान हलविली. कारकुनाने ते लिहून घेतले. साहेबांनी त्याला ते वाचून दाखविण्यास सांगितले, आणि मगच भावाने खाली सही केली.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना बाई माझ्या पुढे होती. शेजारून उतरणाऱ्या भावाकडे न पाहताच ती म्हणाली, "पट्टा आजून घसरतोय. एकटीला चढवता येत न्हाई. पलीकडनं धरायला मानूस लागतं."

"कानात बोटं घालून कसा धरू?" तो म्हणाला.