चीनला जायची लायकी

"चपला बाहेर! बाहेर काढ त्या!" सर ओरडत होते. "अख्खी खाण पायाला बांधून आलास काय रे?"

ओरडत होते ते माझ्या बाबांवर, माझ्या लॉ कॉलेजातल्या आपल्या खोलीच्या दारात. बाबा पन्नाशीचे, सर चाळिशीचे. आवाज असा, की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या सुके बांगडे विकणाऱ्या बायकांनी तो ऐकला असता तर टोपल्या उचलून मुकाट घरी गेल्या असत्या. बाबा खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. ट्रिप मारून तसेच आले होते, केसांपासून नखांपर्यंत लाल. आमच्या मुळगावात अशा माणसाने आंघोळ केली तर मोरीच्या पाण्यातून अर्धा ट्रक माल निघतो, असं मी सगळ्यांना सांगत असते.

बाबांनी चपला दाराबाहेर काढल्या. आत आले. पण पायही लालच. पांढऱ्या लाद्यांवर पाच पावलं उमटली.

सरांनी पावलांकडे बघितलं. म्हणाले, "हें कोण पुसतलो?"

बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला. उकिडवे बसले. पुसू लागले. मागे सरकत, समोरचं पुसत. मागे सरकले की पुन्हा नवं पाऊल उमटायचं, मग तेही पुसायचं. असे पुसत पुसत ते पार दाराबाहेर गेले. सरांना तेच हवं होतं.

मी गोष्टी वाढवून सांगते, हे गावभर माहीत आहे. ही वाढवलेली नाही.

आणि मी काय केलं? हातातली नोटीस वाचत असल्याचं सोंग केलं. पाठ होती ती मला.

नोटीस होती चीनमधल्या एका विद्यापीठाची. तिथल्या कायद्याचा उन्हाळी अभ्यासक्रम, चार आठवडे, राहणं-जेवण त्यांच्याकडे. पात्रता एवढीच: कायद्याचं पहिलं वर्ष पूर्ण झालेलं, एकाही विषयात नापास नाही, शिकवणं इंग्रजीतून, चिनी येण्याची गरज नाही. आमच्या कॉलेजातून दोघांना जागा. शिफारशीवर सरांची सही हवी. मुदत दुसऱ्या दिवशीची. मी वर्गात दुसरी आले होते. नापास कशातच नव्हते.

चीनच का, असं मला पुष्कळांनी विचारलं. अहो, आमच्या शेतांत पावसाळ्यात जो लाल चिखल उतरतो, त्याचा सख्खा भाऊ, म्हणजे लोखंडाचं खनिज, बोटीत बसून चीनला जातो. आमचे बाबा त्याला धक्क्यापर्यंत पोचवायला जातात. तो तिकडे कुठल्या कायद्याने उतरतो, एवढं मला वाचायचं होतं.

सरांनी पालकांना बोलावून घे म्हटलं, तेव्हा मला वाटलं सही घ्यायला. घरात आईने नारळ फोडला होता.

सरांच्या खोलीत खुर्च्या चार. एकीवर माझ्याच वर्गातला एकजण चहा पीत बसला होता. त्याच्या घरच्यांच्या खनिज वाहणाऱ्या बार्जी मांडवी नदीत चालतात. कराराच्या कायद्यात नापास झालेला. उठायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"वाच," सर मला म्हणाले. "मोठ्याने वाच ती इंग्रजी नोटीस."

मी वाचली. प्रत्येक ओळीला सर माझा उच्चार माझ्यासारखाच करून दाखवत. तो चहा पिणारा, माझ्या लेखी चहावालाच, हसे. तिसऱ्या ओळीला त्याच्या नाकातून चहा आला.

"मराठी शाळेतलं इंग्रजी," सर म्हणाले. "घाट्यांक आतां चीन दिसता!"

आमचं मूळ घर दोडामार्गच्या पलीकडे, महाराष्ट्रात. मुळगावात येऊन राहिलो त्याला माझं वय झालं. मधे घाट सोडा, बैल दमेल अशी चढणसुद्धा नाही. पण खाणीवर कामाला आला तो घाटी.

मग सर खुर्चीत मागे रेलले. त्यांना विनोद सुचला होता. "चीन आमचा लो ग्रेड माल घेतो हे खरं. म्हणून काय लो ग्रेड पोरीही पाठवायच्या?"

दाराबाहेर उभे असलेले बाबासुद्धा हसले. साहेब हसले की हसायचं, म्हणून.

सरांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिही. घरगुती अडचणीमुळे मी माझा अर्ज स्वखुशीने मागे घेत आहे. खाली सही. बापाचीही घे."

"कर गो बाय सही," बाबा दारातून म्हणाले. "साहेब सांगतत तसा कर."

मी पेन उचललं. खोटं कशाला बोलू? उचललं.

तेव्हाच मला काटा आठवला. ट्रकचं वजन करतात तो. तिथे तपासनीस माल नाकारतो कधीकधी: ओला आहे, दगड आहे. ड्रायव्हर लोकांची एकच पद्धत. नाकारल्याचं कारण चिठ्ठीवर लिहून, सही करून दिल्याशिवाय गाडी काट्यावरून हलवायची नाही. हललास की दोष तुझा. बाबांनी एकदा अशी गाडी अडवली होती. मागे ट्रकांची रांग डिचोलीपर्यंत गेली. मी सांगते तेव्हा ती पेडणे ओलांडते. शेवटी तपासनिसाने लिहून दिलं.

मातीसाठी या माणसाने गाडी अडवली होती. पोरीसाठी सही कर म्हणत होता.

मी पेन सरांच्या पुढ्यात ठेवलं.

"मी मागे घेत नाही, सर. तुम्ही नाकारा. फक्त यातल्या कुठल्या अटीत मी बसत नाही, ते लिहा आणि सही करा."

"तू मला कायदा शिकवतेस?"

"नाही. काट्यावरची पद्धत सांगते. आणि याच्या कागदावरही लिहा, नापास चालतो म्हणून."

चहावाल्याचा कप बशीवर वाजला.

सर पुन्हा ओरडले. जात काढली, शाळा काढली, पुढचं वर्ष कशी पास होतेस ते बघतो म्हणाले. तोंडाला येत होतं ते सगळं बोलले. कागदावर एक शब्द उतरेना.

परतीच्या वाटेवर बाबा म्हणाले, "तोंडान आपला वाटोळा केलंस."

मी म्हटलं, "आणि तुम्ही टॉवेलाने."

त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्या हातचं पाणीही प्यायले नाहीत. मी ते बोलायला नको होतं. बोलले. परत घेत नाही.

यादी लागली. चहावाला गेला. मी गेले नाही. पण रोज वर्ग सुटला की अर्जाची प्रत घेऊन सरांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसू लागले. सर बाजूच्या दाराने जाऊ लागले. मी बाजूच्या दाराशी बसू लागले.

एके दिवशी ऑफिसातल्या क्लार्क बाईंना राहवलं नाही. "अगो, तो कोर्स संपून पोरं परत आली. आता इथे कशाला बसतेस?"

"नाकारल्याचं कारण लिहून घ्यायला," मी म्हटलं.