भाऊजींचं इलेशन

इस्रायलमधल्या ओफाकिम गावच्या बाजारात मी एका गिऱ्हाइकाशी चादरीच्या भावावरून हुज्जत घालत होतो. माझी लेक डायना आली आणि हिब्रूत म्हणाली, "दोद सोलोमन गेले." दोद म्हणजे काका; सोलोमन म्हणजे माझ्या रेबेकाताईचे यजमान, माझे भाऊजी. मुंबईत इंग्रजी शिकवायचे, इथेही तेच. गिऱ्हाइकाने मागितल्या भावात मी चादर देऊन टाकली... आयुष्यात पहिल्यांदा.

डायनाच्या लग्नाची नोंद करायला ती, भाऊजी आणि मी धर्मगुरूंच्या कचेरीत गेलो होतो, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. खिडकीतला माणूस म्हणाला, "भारतातून ना? मग आजी यहुदी होती याचा पुरावा आणा." नवरामुलगा रुमानियाचा, त्याच्या आजीबद्दल अवाक्षर नाही! मी खिडकीवर मूठ आपटली. भाऊजी शांतपणे म्हणाले, "डेव्हिड, हे निव्वळ इलेशन आहे."

"पोर रडतेय आणि तुम्हाला आनंद होतोय?"

रडता रडता डायनाच हसली. बसमध्ये भाऊजींनी शिकवणी घेतली. "अरे, तुझं इलेशन 'ई'वरून, माझं 'आय'वरून. लॅटिनमध्ये दोन्हींचं मूळ एकच, वाहून नेणं. तुझं म्हणजे वर नेलेलं, म्हणून आनंद. माझं म्हणजे आत आणलेलं. धूर दिसला की मनात आग आणायची, ते अनुमान. तर्कशास्त्रवाले वापरायचे, आता कोणी ओळखत नाही."

"आणि या माणसाला धूर कुठे दिसला?"

"तुझ्या कातडीत."

पुढच्या खेपेला भाऊजी स्वतः खिडकीत वाकले. "कोकणात पोरीच्या आजीचा तेलाचा घाणा होता. शनिवारी, शब्बाथच्या विसाव्याला, बंद. तेवढ्यावरून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आपला तोरा ग्रंथ कधी न पाहिलेल्या गावाला जे कळलं, ते तुम्हाला कळू नये?"

त्याने विचारलं, "घाणा म्हणजे काय?"

कित्येक महिन्यांनी शिक्का मिळाला. माफी आजतागायत नाही. आणि भाऊजी गेल्यावर दुखवट्याच्या सात दिवसांत एका शेजाऱ्याने मला त्यांच्याबद्दल विचारलं, "भारतातले, म्हणजे कारखान्यात असतील ना?" पुन्हा तेच आत आणणं! त्याच्या पुढचा चहा मी उचलून नेला. ताई रागावली. रागावू दे.

गेल्या शुक्रवारी दुकान लवकर बंद करून ताईच्या घरावरून चाललो होतो. भाऊजींच्या खुर्चीच्या वर टांगलेला तेलाचा कंदील खिडकीतून पेटलेला दिसला. जिना चढतानाच मी ओरडलो, "भाऊजी, ऐकलंत का, आज बाजारात काय झालं..."

दार ताईने उघडलं. कंदील ती अजून लावते. खाली खुर्ची रिकामी.

दिवा दिसला, आणि मी माणूस आत आणला.