लाल खुंटी

रिग शेतात शिरली तेव्हा नारळ फोडून झाला होता. तोही नको त्या खुंटीवर.

रिग म्हणजे ट्रकवर बसवलेलं बोअर मारायचं मशीन. नागपूरच्या एका ड्रिलिंग कंपनीत मी जिऑलॉजिस्ट होतो. माझं काम सोप्या भाषेत सांगायचं तर असं: जमिनीत लोखंडी सळया रोवायच्या, त्यातून करंट सोडायचा, तो किती अडतो ते मीटरवर बघायचं आणि खाली पाणी असेल का याचा अंदाज बांधायचा. अंदाजच, त्याहून जास्त काही नाही. मग तिथे खुंटी ठोकायची. सगळ्यात भरवशाच्या जागी लाल रंगवलेली, दुसऱ्या नंबरच्या जागी चुन्याची पांढरी. कंपनीत ही पद्धत माझ्या आधीपासून होती.

शेत कुहीजवळचं, वसंताचं. वसंता आणि मी एमएस्सीला एका बाकावर बसायचो. तेल शोधायला आसामात जायचं हे दोघांनी तेव्हाच पक्कं केलं होतं. सिलेक्शनही दोघांचं झालं. तेवढ्यात माझ्या वडिलांना लकवा मारला आणि मी थांबलो. दोनेक वर्षं इथे काढू, मग जाऊ, म्हणून ही नोकरी धरली. वसंता गेला. त्याचा विषय निघाला की मी तिथून उठायचो, इतका हेवा वाटायचा. पुढे त्याचा थोरला भाऊ वारला, आई धानाच्या शेतावर एकटी पडली आणि तोही परत आला. आसाम कसं होतं म्हणून मी किती उत्सुकतेने विचारलं!

"तिथंही भोकंच पाडत होतो गा. जरा खोल," एवढंच बोलला.

त्याचं आता सगळं या एका बोअरवर होतं. नुसत्या पावसाच्या धानावर घर चालत नव्हतं. पावसाळ्यानंतर मिरचीला, भाजीपाल्याला पाणी मिळालं तर तो शेतीवर राहणार होता. नाही तर नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी. आणि आई काही शेत सोडून यायला तयार नव्हती. दुसरा बोअर मारायची ऐपत नव्हती.

त्या सकाळी वसंता आम्हाला रस्ता दाखवायला फाट्यावर येऊन थांबला होता. तेवढ्यात इकडे आईने पूजा उरकली. हळदकुंकू, लिंबू, नारळ, सगळं यथासांग. पांढऱ्या खुंटीवर.

"लाल खुंटी सोडून इथं काहून केली वं माय?" वसंताने विचारलं.

"मले वाटलं लाल म्हंजे चुकलेली," ती म्हणाली. "तुमचे मास्तर चुकलं तिथंच तर लाल मारत होते."

मी रिग लालकडे घ्यायला सांगितली. ऑपरेटर मुरुगन तमिळनाडूकडचा. त्याने मान हलवली.

"साब, नारियल फूट गया. अब मशीन नहीं हिलेगा. एक बार हिलाया था, रॉड अंदर टूट गया."

"त्याचा नारळाशी काय संबंध?"

"वो तो साब रॉड को पूछो."

वसंताने मला बांधावर बाजूला घेतलं.

"लाल जागा किती चांगली हाय?"

"मीटरवर चांगली आहे."

"पाणी लागनच, असं हाय का?"

तसं मला म्हणता येईना. लालमध्ये शक्यता जास्त होती. पण मीटरवर झकास दिसलेले बोअर कोरडेठाक गेलेले मी पाहिले होते. तसं सांगितलं. आई पदराला हात पुसत आमच्याकडे बघत होती. वसंताने तिच्याकडे पाहिलं.

"मार गा इथंच," तो मुरुगनला म्हणाला.

कॉम्प्रेसर सुरू झाला. बोअर मारताना खडकाचा भुगा वर उडतो. भुगा कोरडा तोवर पाणी नाही. ओला होऊन त्याच्या गोळ्या पडायला लागल्या की समजायचं, आलं. दुपारपर्यंत आमच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. मग गोळ्या पडल्या. आई हात जोडून उभी राहिली. वसंताने माझा दंड धरला. पाणी आलं, पण बोटाएवढी धार. रॉडवर रॉड जोडत गेलो, धार काही वाढली नाही.

"पिण्यापुरतं हाय," आई म्हणाली. "काही कमी नाही."

संध्याकाळी रिग पुढच्या गावाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी विचारलं, "लागलं का?"

"लागलं, पण शेतीपुरतं नाही."

"लागलं ना? मग रिपोर्टमध्ये सक्सेसफुल लिहा."

मी लिहिलं. आमच्या धंद्यात पिण्यापुरतं पाणी म्हणजे सक्सेसफुलच. पुढे नागपुरात प्रताप नगरला माझं घर झालं, वडिलांचं शेवटपर्यंत नीट केलं, कोणाची तक्रार नव्हती. त्या हिशोबाने मीही सक्सेसफुलच होतो. आसामला मात्र कधी गेलो नाही.

वसंता हिंगण्याला लागला. नागपुरात खोली घेतली, शिफ्टप्रमाणे कंपनीची बस धरायचा. आई शेतावर राहिली. बोटभर धारेवर तिने चार वाफे वांगी, कोथिंबीर केली. रविवारी वसंता तिकडून पिशवीभर वांगी आणायचा, अर्धी माझ्याकडे टाकायचा. माझी बायको ती कौतुकाने करायची. मला तो घास गोड लागत नसे.

आई गेली, त्यानंतरची गोष्ट. पावसाळ्यात आमच्या रिग रिकाम्या उभ्या असायच्या. मी वसंताला म्हटलं, "चल, लाल जागेवर मारून पाहू. डिझेलपुरते दे, साहेबांना मी सांगतो."

"नको गा."

"काहून? कोरडी निघेल म्हणून भितोस?"

"कोरडी निंघाली तं बरंच हाय. पाणी लागलं तर? मंग मायले तिथं एकटी ठेवून इतके वर्षं ती बस म्या काहून धरली?"

 मग म्हणाला, "तूच सांग. आसामले गेला असता तर चांगलं झालं असतं, हे कोणी आज तुले पक्कं सांगतलं, तर आयकशीन का?"

 लाल खुंटी केव्हाच कुजून गेली होती. जागा मला आजही डोळे मिटून दाखवता येईल.

नोकरीत पुढे मी पुष्कळ शेतं पाहिली. पण वसंताच्या शेतानंतर कुठल्याही शेतात मी एकच खुंटी ठोकली. मीटरवर दुसरी जागाही दिसायची. ती मी मालकाला कधी सांगितली नाही.